सुजलेल्या दिवसांचा माणूस

"चेहरा ओळखता आला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

हजेरीच्या मशीननं मला सहाव्यांदा झिडकारलं, तेव्हा माझ्यामागे अर्ध्या गोदामाची रांग लागली होती. पण मशीनचं तरी काय चुकलं? सकाळी आरशात मलाही मी सापडले नव्हते. उजवा डोळा मिटलेला, वरचा ओठ पुढं आलेला, आणि गाल असा की दादा ओरडला होता, "आई, भोपळा उठला बघ!"

महिन्यातून दोन-तीनदा असं व्हायचंच. कशानं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आईनं माझ्या ताटातला एकेक जिन्नस बंद केला, साबण बदलला, उशी बदलली, माझी मांजर शेजारी देऊन टाकली. डॉक्टरांनी रक्त काढून काढून कागदांची चळत केली आणि शेवटी म्हणाले, "कारण सापडत नाही. गोळ्या घेत राहा. जीभ सुजली किंवा श्वास अडकला, तर मात्र तडक दवाखाना." आणि मी कामाला कुठं, तर औषधांच्या गोदामात! ॲलर्जीच्या गोळ्यांची हजारो खोकी माझ्या हाताखालून जायची, त्यांच्यावरच्या तारखा मी तपासायची.

"मॅडम, ते तुमचं ऐकणार नाही. जरा बघू?"

मागं वळले. खिशात स्क्रू-ड्रायव्हर खोवलेला, विस्कटलेल्या केसांचा एक तरुण. या मशीनच्या कंपनीचा माणूस, वर्षाची तपासणी करायला आलेला. मी घाईघाईनं मास्क वर ओढला.

"काढा ना तो. मला चेहरा लागेल."

"हा माझा चेहरा नाहीये," मी बोबडं बोलले. ओठ सुजले की माझा आवाजही परका व्हायचा.

"मग कुणाचा आणलात?"

मला हसू फुटलं... म्हणजे ओठाची एकच बाजू हलली. मास्क काढला आणि मान खाली घातली. माझ्याकडे बघून लोक काय करतात ते मला पाठ होतं – दचकतात, आणि मग भिंतीकडे बघत बोलतात.

हा बघतच राहिला. सरळ, शांत, अगदी मन लावून. "हनुवटी वर... हां. थोडं डावीकडे... छान." छान? या चेहऱ्याला? मी थक्क झाले. इतकं निवांत मला कुणी कधी पाहिलंच नव्हतं, चांगल्या दिवसांतही नाही.

"मशीन फोटो ठेवत नाही, नुसती मापं ठेवतं," तो म्हणाला. "एका माणसाचे दहा चेहरे बसतात त्यात. हा दोन नंबर. पुढच्या वेळी वेगळं सुजलं तर बोलवा मला."

वेगळं सुजलं. कपाळ सुजलं, तो तीन नंबर. दोन्ही ओठ सुजले, तो चार. दर वेळी साहेब फोन करायचे आणि तासाभरात तो दारात. एकदा स्क्रू पिळता पिळता त्यानं विचारलं, "श्वास अडकला तर काय करायचं असतं? म्हणजे... जवळ जो असेल त्यानं?" दवाखान्याचा नंबर त्यानं फोनमध्ये टिपून घेतला. मी खोक्यांमागे जाऊन गुपचूप डोळे पुसले.

"बरी असतेस तेव्हा फिरकत नाही, आणि सुजलीस की हजर!" पॅकिंगच्या मावशी म्हणायच्या. "जगावेगळंच बाई तुमचं."

जगावेगळं खरंच. रोज सकाळी आरशात बघताना पहिला प्रश्न – सुजलंय का आज? सुजलं नसेल तर मन खट्टू! आणि त्याच्यामागून भीती यायची. ही नुसती कीव असली तर? आणि हा मला ओळखतो तरी कुठं? त्यानं माझा एक नंबरचा चेहरा पाहिलाच नव्हता.

मग एका बुधवारी तो न बोलावता आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात मात्र तोच स्क्रू-ड्रायव्हर. माझा चेहरा त्या दिवशी अगदी जिथल्या तिथं होता. मी धीर करून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मशीन चालू आहे मॅडम," तो बाजूला सरकत म्हणाला. "करा हजेरी."

त्यानं ओळखलंच नाही.

"कुणाची वाट बघताय?" मी कसंबसं विचारलं.

"इथं एक जण आहेत. त्यांना काही विचारायचंय." त्याचे कान लाल झाले. "रोज बोलवतील असं वाटतं, नाही बोलवत. नाही बोलवलं म्हणजे त्या बऱ्या आहेत, हेही कळतं. तरी... आज राहवलं नाही."

"कशी दिसते ती?"

"हसल्या की ओठाची एकच बाजू हलते," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली आला. "तेवढ्यासाठी मी शहराच्या दुसऱ्या टोकावरून येतो."

ज्या चेहऱ्याला मी वर्षानुवर्षं मास्कखाली लपवलं, ज्याला 'माझा नाही' म्हटलं, त्याच्यासाठी कुणीतरी भांग पाडून आलं होतं. मला चक्क माझाच हेवा वाटला.

"ती आज नाही यायची," मी म्हटलं.

"का? काय झालं त्यांना?" तो पांढराफटक पडला.

"काही नाही. आज ती बरी आहे."

तो बघत राहिला. त्या पहिल्या दिवसासारखा, मन लावून... हनुवटी, गाल, डोळे. मग एकदम हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

"तुम्ही? ...अरे देवा! माफ करा, मी ओळखलंच नाही—"

"सुजले की मला कुणीच ओळखत नाही," मी म्हटलं, आणि डोळ्यांत पाणी असताना मला हसू आलं. "बरी असताना न ओळखणारे तुम्ही पहिलेच."

"रागावलात?"

"आता विचारा. जे तिला विचारणार होतात ते."

तो गोंधळला, केसांतून हात फिरवला, सगळा भांग विस्कटला. "दोघींना एकदमच विचारू का?"

"तिचं उत्तर 'हो' आहे. कधीपासूनचं."

"आणि तुमचं?"

"माझं? आपली तर आत्ताच ओळख झाली. मी जरा भाव खाणार," असं मी म्हणत होते खरी, पण मान आधीच हलली होती.