पहिले कणीस

खैरपाड्याच्या शिवारात त्या वर्षी मक्याच्या एकाही पानाला छिद्र नव्हते. लष्करी अळीने जुनी वाणे कधीच संपवली होती. सातपुड्यात उरले होते ते एकच, डॉ. श्रीनिवास देवस्थळी यांनी घडवलेले आणि यंदा पहिल्यांदाच पेरलेले ‘सजग’.

अळीने पान कुरतडले की मक्याचे झाड कडू द्रव्य तयार करते आणि एक सूक्ष्म गंध सोडते. शेजारची झाडे तो ओळखून आधीच कडू होतात. हा गुण निसर्गाचाच. देवस्थळींनी तो शतपटीने वाढवला आणि त्या गंधाला ‘इशारागंध’ हे नाव दिले.

त्या संध्याकाळी, पीक बघायला आलेल्या देवस्थळींपुढे पाड्यातल्या रुमलीबाई पावरांनी उकडलेल्या कणसांचे पातेले ठेवले. “खा साहेब, तुमचंच लेकरू आहे.”

एका दाण्याने जीभ बधिर झाली.

“सगळी अशीच?”

“सगळी. भाजली, दळली. बकरीनंही तोंड फिरवलं. सकाळी पहिलं मोडलं ते गोड असेल, तर देवाला ठाऊक.”

“म्हणजे?”

“ते नवाईचं. देवाला वाहिल्याशिवाय आम्ही नवं धान्य चाखत नाही. बाकीची कणसं पूजा आटोपून दुपारी मोडली. तुम्ही तरी चाखून बघायचं!”

“बघितलं होतं. प्रयोगाच्या प्रत्येक वाफ्यातलं एक कणीस, एकाच वेळी मोडलेलं.” ते अडखळले. “पहिलंच. बाकीची बियाण्याला ठेवली.”

अळीचा चावा किरकोळ. कणीस मोडणे ही झाडाची सर्वांत मोठी जखम. तिचा इशारा पानांवर न थांबता तासाभरात उभ्या कणसांच्या दाण्यांत उतरत होता, आणि वाऱ्यासोबत शेतामागून शेत ओलांडत होता.

रुमलीबाईंनी मक्याच्या तुऱ्यांकडे पाहिले. ते वाऱ्याने ओढ्यापलीकडच्या पाड्याकडे झुकले होते.

“तिथं माझी लेक सुरती दिली आहे. त्यांची नवाई परवा.”

“मावशी, फोन लावा. एक मोडून चाखायला सांगा. गोड असेल तर आत्ताच्या आत्ता अख्ख्या पाड्यानं कणसं मोडावीत. मोडलेलं मग कडू होत नाही.”

“देवाआधी चाखायचं?”

“आणि वर्षभर खायचं काय?”

फोनवर सुरती आधी हसली, मग आईशी भांडली, मग शेतात उतरली. कणीस मोडल्याचा आवाज आला.

“कडू आहे, आई.” तिने दाणे थुंकले. “आणि आता देवाआधी चाखल्यानं सगळं पीक उष्टंही झालं. परवा देवापुढे काय ठेवू?”

रुमलीबाईंनी फोन देवस्थळींपुढे धरला.

“साहेब, तुम्ही सांगा तिला.”