थडग्यातल्या जोड्याचे खिळे

ही घटना खरी आहे. पटो न पटो, प्रणवने ती शपथेवर सांगितली आहे, आणि सांगताना त्याची मान एकदाही वर झाली नाही.

साल २००६, ऑक्टोबर महिना. लीड्स. आणि रात्र नव्हती बरं... रविवारची चांगली दुपारी तीनची वेळ होती.

प्रणव पुण्याचा. लीड्समध्ये सॉफ्टवेअरच्या कामावर. ऑगस्टमध्ये तिकडे पुण्यात त्याचे वडील वारले. प्रोजेक्टचं निमित्त सांगून हा गेलाच नाही. सगळं क्रियाकर्म काकांनी केलं. तेराव्याला धाकट्या बहिणीचा, मंजिरीचा फोन आला.

"दादा, चपलांचं दान मुलाच्या हातचं लागतं म्हणे. बाबांचे पुढच्या वाटेवर पाय भाजू नयेत म्हणून. तू तिथेच कोणाला तरी एक जोड दे ना."

"देतो गं."

आता लीड्सच्या रस्त्यात कोणाला थांबवून चपला द्यायच्या? प्रणवला संकोच वाटला. आज देऊ, उद्या देऊ करत ते राहूनच गेलं. आठवड्याने तिने विचारलं, तर हे साहेब म्हणाले, "दिल्या."

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी सकाळी तो शहराबाहेर एका उत्खननावर हौसेने माती उकरायला गेला. रोमन काळातलं थडगं होतं. आत हाडं, आणि पायांपाशी गंजलेले लोखंडी खिळे, बरोबर तळव्याच्या आकारात. जोड्यांचं चामडं कधीच कुजून गेलं होतं.

"मेलेल्या माणसाला चांगले बूट घालून पुरायचे," तिथली प्रमुख हेलन म्हणाली. "ही हॅड अ लाँग वॉक अहेड, यू सी."

सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनीसुद्धा आपल्या माणसाच्या पायांची काळजी केली होती. प्रणवला ते टोचलं. टोचलं म्हणूनच की काय, हेलनची पाठ वळताच त्याने डाव्या जोड्याचे मूठभर खिळे खिशात टाकले. ऑफिसात दाखवायला, असं त्याने स्वतःला सांगितलं.

घरी आला. घरात एकटाच. चहा ठेवला.

आणि वरच्या मजल्यावर...

टक.

मग जरा वेळाने... थप.

टक... थप. टक... थप.

एका पायात खिळ्यांचा जोडा. दुसरा पाय अनवाणी.

पावलं जिना उतरू लागली. प्रणव स्वयंपाकघराच्या दारात उभा, जिना अगदी समोर.

जिन्यावर कोणीही नव्हतं.

आवाज शेवटच्या पायरीपर्यंत आला... आणि त्याच्यासमोर थांबला. चहा उतू गेला तरी त्याला हलता येईना.

बापासाठी न मागितलेली रजा त्याने दुसऱ्या दिवशी चोरीसाठी मागितली, आणि खिळे हेलनला परत केले. ती रागावली नाही. "थँक यू फॉर ब्रिंगिंग देम बॅक," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं, असं त्याला झालं.

आठवडा शांत गेला.

पुढच्या रविवारी दुपारी तो वरच्या खोलीत मंजिरीशी फोनवर बोलत होता...

थप.

आता टक नव्हतंच. दोन्ही पाय अनवाणी. थप... थप... आणि उजवा पाय किंचित घासत.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा असेच चालायचे.

आवाज बंद दाराबाहेर येऊन थांबला.

"दादा, आईला सारखी रुखरुख लागलीये," मंजिरी म्हणत होती. "तू चपला नक्की दिल्या होत्यास ना रे?"

खरं बोलायची हीच वेळ होती. 'नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग आईला, बहिणीला तोंड कसं दाखवणार?

"दिल्या गं. कितीदा विचारशील?"



दाराबाहेर पावलं वळली. घासत, सावकाश जिना उतरली. बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला नाही. प्रणव खिडकीशी धावला. रस्ता रिकामा होता आणि गार पाऊस पडत होता.

दुसऱ्याच दिवशी त्याने चपला घेतल्या आणि दिल्या. तेव्हापासून दर वर्षी देतो. मंजिरीला मात्र अजून खरं सांगितलेलं नाही. ती पावलं पुन्हा कधी आली नाहीत. बाबा त्याचं ते खोटं ऐकूनच अनवाणी निघून गेले, याबद्दल त्याला जराही शंका नाही.