पट्टा नसलेलं इंजिन

ही गोष्ट रात्रीची नाही. अमावस्या नव्हती, स्मशान नव्हतं, पिंपळ तर मैलभरात नव्हता.

दुपारचे अडीच वाजले होते. ११ मे २०२३, गुरुवार. गाव कळसाडी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार.

कुणाला खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मी तिथे होतो. जे झालं ते माझ्या हातून झालं.

मी हेमकांत, रनाळ्याचा. पंचवीस वर्षं इंजिनं दुरुस्त करतोय. जुनं इंजिन म्हटलं की लोक माझंच नाव घेतात आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची घमेंडही होती. इंजिन बिघडलं म्हणजे त्याला कारण असतंच, एवढंच मी मानत आलो होतो.

त्या आठवड्यात उमाकांत पाटलांचा फोन आला.

"हेमकांतभाऊ, आप्पाले एकदाव ते जुनं इंजन ऐकनं शे. डॉक्टरनी घर धाडी दिधं. आते काय, दोन दिवस, नही ते चार."

आप्पा म्हणजे त्यांचे वडील हिंमतराव. वय ब्याऐंशी. अर्धं अंग लुळं पडलेलं, बोलणं अडखळत. दोन दिवसांपासून अन्न सोडलं होतं आणि एकच धोशा लावला होता... इंजिन चालू करा.

मी गेलो. मळ्यात विहिरीच्या काठाला ते इंजिन होतं. बापजाद्यांच्या काळातलं, रॉकेलवर चालणारं. एकच सिलिंडर आणि दोन्ही बाजूंना बैलगाडीच्या चाकाएवढी लोखंडी चाकं.

या इंजिनाची एक खोड सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ते दर फेरीला ठोका देत नाही. ओढायला काही नसलं की एक ठोका देतं आणि मग नुसतं फिरत राहतं.

ठो... फस... फस... फस... फस... ठो...

ओझं आलं की मात्र ठोके जवळ येतात. पंपाचा पट्टा चढवला आणि पाणी ओढायला लागलं, की ठो ठो ठो ठो. दम लागलेल्या माणसासारखं.

सकाळभर मी ते साफ केलं. पट्टा कधीच कुजून गेला होता. पंप भंगारात गेला होता. इंजिन एकटंच होतं, ओढायला काहीच नव्हतं.

उमाकांतभाऊंनी आप्पांची खाट कडुलिंबाच्या सावलीत आणून ठेवली. आप्पांची सून नूतन उशाशी बसली. मी चाक फिरवलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं.

ठो ठो ठो ठो ठो.

मी चमकलो.

पट्टा नाही, पंप नाही, आणि इंजिन जीव तोडून ओढत होतं. वेगही वाढत नव्हता.

बंद केलं. ठिणगी देणारा मॅग्नेटो उघडला, प्लग घासला. व्हॉल्व्ह पाहिले. रॉकेल गाळून पुन्हा भरलं. बंद असताना चाक एका बोटाने फिरत होतं, म्हणजे आत कुठे अडकलेलंही नव्हतं. पुन्हा चालू केलं.

ठो ठो ठो ठो.

आणि तेव्हा मला वास आला...

तापलेल्या चामड्याचा. जुने पट्टे घासले की यायचा, तोच.

मी पुलीवर हात धरून पाहिला. मोकळी होती. हवेशिवाय तिथे काही नव्हतं.

"उमाकांतभाऊ, दुपारना बंदच ठेवूत," मी म्हणालो. "काहीतरी गडबड शे."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. दोन दिवसांत इतकं स्पष्ट ते बोलले नव्हते.

"बंद नको करू... खाले मानूस शे."

"आप्पा, खाले कोनी नही," उमाकांतभाऊ समजावत म्हणाले. "विहिरमा नुसतं पानी शे. उगा जीव नका जाळू."

"खाले मानूस शे रे... त्याले वर येऊ दे..."

म्हातारा रडत होता. डोळ्यांतलं पाणी पुसायला हातही उचलत नव्हता. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, चालू दे थोडा वेळ, त्यांचं समाधान होईल.

मग दोन ठोक्यांच्या मधे मला दुसरा आवाज ऐकू आला.

खण्ण...

मला वाटलं, बेअरिंग वाजतंय. आम्ही फिटर लोक स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावतो आणि टोक इंजिनावर टेकवतो. आतलं सगळं ऐकू येतं. मी तसं केलं.

आत काही वाजत नव्हतं.

मूठ कानावरून काढली. खण्ण... खण्ण... खडकावर पहार पडावी तसा. विहिरीतून.

"नूतनवहिनी, विहिरमा कोनी उतरेल शे का?"

"नही हो भाऊ, कोन उतरी एवढा उन्हामा?"

विहिरीत एरवी पारवे घुमत असतात. त्या दुपारी एकही घुमत नव्हता. मी काठावरून वाकून पाहिलं. खाली हिरवं पाणी, आणि माणूस कुठेच नाही.

इथे मी चूक केली.

मी घाबरलो होतो, हे आज कबूल करतो. पण त्या वेळी ते कबूल करायची लाज वाटली. चारचौघं बघत असताना रनाळ्याच्या हेमकांतकडून एक इंजिन सुधरत नाही म्हणजे काय! या इंजिनाला एक खिट्टी असते. ती दाबून धरली की ठोका पडत नाही. मी ठरवलं, चार फेऱ्या धरून बघू.

स्क्रू-ड्रायव्हरने खिट्टी दाबली.

ठोके थांबले. चाकं जड झाली, थांबायला आली... आणि एकदम काहीतरी सुटलं.

मला ते दिसलं नाही. पण हाताला कळलं. बादलीचा दोर तुटला की कसं कळतं, तसं.

चाकं भरारा फिरली. मी खिट्टी सोडली.

ठो... फस... फस... फस... फस... फस... ठो...

"झालं!" मी ओरडलो. "सुधरलं! आते दखा कसं निवांत चालतंय!"

उमाकांतभाऊ हसले. नूतनवहिनीही हसल्या.

पहारेचा आवाज बंद झाला होता.

आणि आप्पा खाटेवर उठून बसले.

अर्धं अंग लुळं असलेला माणूस, ताठ बसला. डोळे विहिरीकडे.

"पट्टा पडना... पट्टा पडना रे!" पट्टा पडला म्हणत होते, आणि पट्टा तर नव्हताच.

मग त्यांच्या घशातून गुळगुळ आवाज यायला लागला. ते हवा ओढत होते आणि हवा मिळत नव्हती. नूतनवहिनींनी मान धरली. तोंडातून पाणी आलं. थोडंथोडकं नाही, उशी भिजली, सदरा भिजला. सकाळपासून त्यांनी चमचाभर पाणीही घेतलं नव्हतं.

दोन मिनिटांत सगळं संपलं.

डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालं असेल, अशा पेशंटचं होतं. मी मान डोलावली. उशीवरच्या पाण्याला शेवाळाचा वास येत होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दहाव्याला पुन्हा कळसाडीला गेलो. तिथे जसोदाबाईंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, मला जवळ बसवून सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात ती विहीर खोल करत होते. वरून इंजिन पाणी उपसत होतं आणि खाली धडगावकडचा करमसिंग पहार मारत होता. इंजिनावर आप्पा होते, ऐन तिशीतले. दुपारी अचानक झरा फुटला आणि करमसिंग बुडून मेला.

"त्यानी बायको सोनीबाई भलती रडनी. म्हने, पट्टा पडेल व्हता, हिंमतभाऊ सावलीमा झोपेल व्हता. पण तिले काय कळस इंजनमधलं? इंजन बंद पडनंच नव्हतं. मी सोता ऐकेल शे, आख्खा गावनी ऐकं. उलट त्या दिन तर भलतं निवांत चाली ऱ्हायंतं."

त्या दुपारी मीही हाच शब्द ओरडलो होतो.

निवांत.

निवांत चालत होतं, म्हणजे ते काही ओढतच नव्हतं. पट्टा पडलेला होता. सोनीबाई खरं बोलत होती आणि सगळ्या गावाने आपल्याच कानांवर विश्वास ठेवून तिला खोटं ठरवलं. आप्पांना मात्र माहीत होतं. पन्नास वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं. शेवटी त्यांना एवढंच हवं होतं की इंजिन ओढत राहावं आणि तो माणूस वर यावा.

तो येतच होता. मी इंजिन सुधरवलं.

हे मी जसोदाबाईंना सांगू शकलो नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी, मे महिन्यातच, उमाकांतभाऊंचा फोन आला. विहिरीतला गाळ काढायला माणसं लावली होती. मजुरांना गंमत दाखवायची म्हणून त्यांनी इंजिन चालू केलं होतं.

"भाऊ, परत तसंच ओढी ऱ्हायनं. येता का? मागला सारखं नीट करी द्या."

"विहिरमा कोन शे?" मी ओरडूनच विचारलं.

"पाच जन उतरेल व्हतात. जेवाले वर येल शेतस."

"हात लावू नका! बंद करू नका! रॉकेल टाकत ऱ्हा, मी निघालो!"

गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. प्रकाशा गावचा नदीवरचा पूल ओलांडला आणि पुन्हा फोन वाजला.

"येवानं काम नही, भाऊ! आपोआप सुधरी गयं. कोनी हात नही लावा. आते मस्त निवांत चाली ऱ्हायनं."

मागे तो आवाज येत होता. ठो... फस... फस... फस...

मी गाडी कडेला घेतली. "माणसं मोजा," मी म्हणालो. "आत्ता. फोन न ठेवता."

उमाकांतभाऊ हसले, पण गेले. चपलांचा आवाज आला. मग मोजणं.

"एक, दोन, तीन, चार, पाच..."



"...सहा."

"किती उतरले होते?"

"पाच."

त्यांनी पुन्हा मोजले. या वेळी पाचच भरले. म्हणाले, उन्हामुळे चुकलं असेल.

असेलही. पाचही मजूर धडधाकट घरी गेले. इंजिन उमाकांतभाऊंनी आता पत्रे लावून झाकलंय आणि मला कुणी बोलावत नाही.

पण मला झोप लागत नाही. करमसिंग वर आला असेल तर चांगलंच झालं. पन्नास वर्षांनी का होईना, सुटला बिचारा.

फक्त आप्पाही करमसिंगसारखेच त्याच विहिरीच्या पाण्यात बुडून मेले, खाटेवर बसल्या बसल्या. माझ्यामुळे.

म्हणून विचारतो... वर आलेला तो सहावा दोघांतला कोण होता? आणि खाली कोण राहिलंय?