नळीच्या आत कोण बसलंय?

माझ्या दंडावरची नवी पट्टी एवढी मंद का, हेच कुणाला कळेना.

मला मधुमेह आहे. साखर बघायला आई दिवसातून कितीदा तरी माझं बोट टोचते आणि टोचताना स्वतःच डोळे मिटते. पट्टी चालली नाही, तर शाळेच्या गड-शिबिराला ती मला पाठवणार नव्हती.

पट्टी बनवली सुनेत्राआत्याने, तिच्या प्रयोगशाळेत. पट्टीत कार्बन नलिका होत्या (कार्बनच्या अणूंच्या जाळीच्या नळ्या, केसाच्या जाडीत हजारो मावतील). प्रकाश टाकला की त्या अवरक्त उजेड (तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) देतात. साखरेप्रमाणे तो कमी-जास्त होतो. तो वाचायचा आमच्या यंत्रमानवाने, टिपऱ्याने.

"मंद आहे. वाचता येत नाही," टिपऱ्या म्हणाला.

"अरे, नळ्या पाण्याने किती घासूनपुसून धुतल्या मी!" आत्या वैतागली. तिचा स्वच्छतेचा सोस घरात सगळ्यांना माहीत होता.

"नळ्यांची तोंडं उघडी होती का गं?" मी विचारलं.

"हो. मीच उघडली होती."

"मग पाणी शिरलं असेल! करंजीचं तोंड सुटलं की तेल शिरतं, तसं."

आत्याने कपाळावर हात मारला. "खरंच की! उजेड देते ती नळीची भिंत, आणि ती एका अणूएवढीच जाड. आत बसलेलं पाणी तिला चिकटतं आणि उजेड मंद करतं."

"मग पाण्याआधी दुसरं काहीतरी भर ना!"

तिने नव्या नळ्यांत आधी तेलकट रेणू (अणूंचे जोडलेले छोटे गट) भरले. आता पाण्याला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतच नवी पट्टी माझ्या दंडावर चढली.

"काहीच दिसत नाही," टिपऱ्या म्हणाला. मला रडूच आलं.

आत्या एकदम ताठ झाली. "टिपऱ्या, तू कुठला रंग बघतोयस?"

"कालचाच."

"अरे शहाण्या! आतलं बदललं की उजेडाचा रंगही सरकतो. जरा शेजारी बघ!"

टिपऱ्याने नजर सरकवली. "अबब! केवढा उजेड! साखर अगदी ठीक आहे."

आता शिबिर नक्की! मी आत्याला कडकडून मिठी मारली. किती राबली होती ती माझ्यासाठी! ती म्हणाली, "आता वेगवेगळे रेणू भरून बघू. एकाच पट्टीत आणखी कितीतरी आजार वाचता येतील."

घरी आईने सवयीने माझं बोट हातात घेतलं. मग तिला आठवलं. टोचायचं नव्हतंच. तरी तिने ते बराच वेळ सोडलं नाही, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहिली.