भिंतीपाशी काढलेल्या चपला

नव्या दवाखान्याच्या रस्त्याकडच्या भिंतीला दार नव्हतं. विषबाधेच्या खाटा मात्र त्याच भिंतीमागे होत्या. मोठं दार पलीकडे, बागेच्या बाजूला. आधी तिथल्या खिडकीत नाव कॉम्प्युटरवर चढवायचं, मग अख्ख्या इमारतीला वळसा घालून खाटेपर्यंत जायचं. औषध फवारलेल्या पऱ्हाटीत, कपाशीत, निंदायला गेलेली दीपमाला त्या वळशातच गेली, नवऱ्याच्या हातांवर. कॉम्प्युटर तेव्हा बंद पडला होता.

पुढं इमारतीचा नकाशा काढणारे साहेब नागपूरहून आले, लोकांच्या सोयी विचारायला. तिचा नवरा धर्मपाल मुद्दाम मुकुटबनहून आला आणि म्हणाला, या भिंतीत दार फोडा. साहेब हसले. कोणीही थेट आत शिरलं तर नोंदणी कशी राहील, म्हणाले.

"तुमाले मानूस पायजे का त्याचं नाव?"

साहेबांनी चहा घेतला.

धर्मपाल तणतणत रस्त्याच्या बाजूला आला. भिंतीपाशी चपलांची रांग होती. शिपाई लखीराम चपला पोत्यात भरत होता.

"रोज मोठ्या दारापाशी नेऊन ठेवतो, रोज इथंच येते. लोकं भिंतीले देऊळ समजून राह्यले का काय!"

तेवढ्यात ऑटो थांबला. तोंडाला फेस आलेल्या बायकोला एक माणूस उतरवत होता. धर्मपाल स्ट्रेचरसाठी मोठ्या दाराकडे धावला. खिडकीवाल्यानं आधी पेशंटचं नाव विचारलं. त्याला शिव्या घालत धर्मपाल परतला, तर ऑटो रिकामा. भिंतीपाशी चपलांचे दोन जोड.

तो वळसा घालून आत धावला. बाई खाटेवर होती, सलाईन चालू होतं. नवरा अनवाणी, पायथ्याशी.

"कुठून आलास भाऊ?"

"दारातून." त्यानं कोऱ्या भिंतीकडे हात केला. "एका बाईनं उघडं धरून ठेवलं होतं. तिच्या अंगाले फवारणीचा वास येत होता. मले म्हणे, नाव मंग सांग."

धर्मपालनं भिंतीला तळवा लावला. नुसता गार रंग.

"मलेच काहून नाही उघडत?" तो दातओठ खात म्हणाला.

मग त्यानं साहेबांना दंडाला धरून बाहेर आणलं, भिंतीसमोर उभं केलं. साहेब चपला तुडवत पुढं झाले. बिननोंदणीचा पेशंट खाटेवर कसा, हाच त्यांचा राग.

"कुठाय दार? सलग विटा आहेत." त्यांनी भिंतीवर थाप मारली.

भिंतीच्या आतून कडी लागल्याचा आवाज आला. सावकाश, नीट.

साहेबांचा हात तिथंच राहिला.

मागं रस्त्यावर दुसरा ऑटो येऊन थांबला.