दिवा लागला होता, पण कुणासाठी?

"अरे साई, जा ना पुढे! जा ना!"

आम्रपाली हेल्मेटच्या आत जीव तोडून ओरडत होती. पण इंजिनांच्या घरघराटात तिचा आवाज तिलाच धड ऐकू येत नव्हता, तर साईला कुठून येणार?

हडपसरच्या पुढच्या कार्टिंग ट्रॅकवर दिवाळीच्या सुट्टीतली शेवटची शर्यत चालली होती. कार्ट म्हणजे छप्पर नसलेली, जमिनीला जवळजवळ टेकलेली चिमुकली रेसगाडी. अशी एक कार्ट वळणावर टायरांच्या भिंतीत घुसली होती, म्हणून सेफ्टी कार ट्रॅकवर आली होती. ती आली की सगळ्यांनी वेग कमी करून तिच्यामागे रांग धरायची. कुणी कुणाला ओलांडायचं नाही. रांगेत सर्वात पुढे प्रज्ञेश, त्याच्यामागे साई आणि साईच्या मागे आम्रपाली.

म्हणजे साई दुसरा होता का? छे! तो बिचारा एक फेरी मागे पडला होता. दुसरी होती आम्रपालीच. असे मागे पडलेले स्पर्धक पुढच्यांच्या मधे लुडबुडू नयेत म्हणून एक नियम होता. सेफ्टी कारच्या टपावरचा हिरवा दिवा लागला की त्यांनी सगळ्यांना ओलांडून निघून जायचं, ट्रॅकला वळसा घालायचा आणि रांगेच्या शेपटाशी येऊन उभं राहायचं. मात्र दिवा लागल्याशिवाय ओलांडलं, तर थेट बाद!

साई हललाच नाही. सेफ्टी कार बाजूला झाली, हिरवं निशाण फडकलं आणि प्रज्ञेश सुसाट सुटला. अरुंद वळणांवर साईला बाजूला व्हायला जागा मिळेपर्यंत प्रज्ञेश कुठल्या कुठे गेला होता. शर्यत संपली.

पहिल्या नंबराला काय मिळणार होतं, ठाऊक आहे? कोइमतूरच्या प्रशिक्षण शिबिरात जागा, आणि तीही एकच. शिबिर चौदाच्या आतल्या मुलांसाठी होतं आणि आम्रपालीला मार्चमध्ये चौदा पूर्ण होणार होती. तिची ही शेवटची संधी होती.

"पुढे का नाही गेलास? मला तुझ्यामागून नीट दिसलं नाही, पण सेफ्टी कार जायच्या आधी दिवा लागतोच ना?" हेल्मेट काढताच तिने विचारलं.

"दिवा लागलाच नव्हता!"

"लागला होता," शर्यतीचे प्रमुख श्रीधर सर टॉवरवरून उतरत म्हणाले. "मी वरून स्वतः पाहिला. डोळे काय घरी चार्जिंगला लावून आलात?"

"सर, खरंच नव्हता लागला!"

तेवढ्यात साई आणि आम्रपालीची मैत्रीण अपेक्षा गॅलरीतून पळत आली. तिने सगळी शर्यत मोबाइलवर टिपली होती. तिघांनी डोकी एकत्र करून व्हिडिओ पाहिला. सेफ्टी कारवर हिरवा दिवा लुकलुकत होता. चांगला लख्ख!

साईचं तोंड एवढंसं झालं. प्रमुख पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता, म्हणून बक्षीस समारंभ घाईघाईने उरकला गेला. शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो झाले. कोथरूडच्या बसमध्ये बसल्यावर आम्रपाली भलतंच बोलली.

"तू प्रज्ञेशचा मित्र कधीपासून झालास रे?"

साई खिडकीकडे तोंड करून बसला. त्याला रडू येत होतं आणि ते दिसू नये एवढीच त्याची धडपड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षा आम्रपालीच्या दारात हजर! साईलाही तिने दंड धरून आणलं होतं.

"चला ट्रॅकवर!"

"आता काय उरलंय तिथे?" आम्रपाली म्हणाली.

"ऐक तर! काल एक फेरी मागे पडलेला साई एकटाच नव्हता. रांगेत मागे आणखी दोघं होती. मी दोघांनाही फोन केला. त्यांनाही दिवा दिसला नाही! तिघं एकदम आंधळी झाली की काय?"

आम्रपालीने चपला घातल्या.

ट्रॅकच्या शेडमध्ये सेफ्टी कार उभी होती. नवी कोरी, बुटकी, पांढरी गाडी! कालच सकाळी पाहुण्यांच्या हस्ते तिची पूजा झाली होती. पुढे लिंबू-मिरची, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि टपाच्या मागच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूचा जाडजूड हार. ट्रॅकचे मालक रावसाहेब स्वतःच काल ती चालवत होते.

"काका, एकदा हिरवा दिवा लावून दाखवता?" अपेक्षाने विचारलं.

"दाखवतो की! पण हाराला हात लावायचा नाही हं. पूजेचा आहे. वाळला की आपोआप पडेल."

रावसाहेबांनी गाडी शेडमधून ट्रॅकवर काढून बटण दाबलं. अपेक्षा कालच्याच जागी, गॅलरीच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"लागला! मस्त दिसतोय!" ती ओरडली.

संपलंच म्हणायचं! साई गाडीच्या मागे, ट्रॅकवरच मटकन खाली बसला. म्हणजे दिवा लागला होता. म्हणजे सगळी चूक आपलीच. त्याने डोळे पुसले आणि मान वर केली.

"काका, बंद का केलात?"

"कोण बंद करतंय? चालूच आहे!"

"चालू आहे!" वरून अपेक्षाही ओरडली.

आम्रपालीने साईकडे पाहिलं, मग गाडीकडे. ती धावत आली आणि त्याच्या शेजारी फतकल मारून बसली. समोर झेंडूच झेंडू! हिरवा ठिपकासुद्धा नाही. ती अर्धवट उठली, पुन्हा बसली.

"हार!" ती किंचाळली. "वरून दिवा दिसतो, पण कार्टमधून नुसता हारच दिसतो!"

त्यांनी श्रीधर सरांना बोलावून आणलं. सरांचा विश्वास बसेना, तेव्हा त्यांना कार्टमध्ये बसवायचं ठरलं. सरांचं पोट आणि कार्टचं स्टीअरिंग यांचं काही जमेना! शेवटी श्वास रोखून ते कसेबसे आत मावले.

"हं, लावा दिवा," ते म्हणाले.

"लावलाय, सर," साई हळूच म्हणाला.

सरांचा चेहरा उतरला.

"पण सर, मागे पडलेल्यांपैकी कुणीच पुढे गेलं नाही, हे तुम्हाला टॉवरवरून दिसलं असेल ना?" अपेक्षाने विचारलं.

"दिसलं. मला वाटलं, पोरांना नियम कळला नाही. आणि पाहुणे सारखे घड्याळ बघत होते..." सरांनी वाक्य तिथेच सोडलं.

"मग आता निकाल बदला!"

सर उठून बाजूला गेले. त्यांनी आयोजकांना फोन लावला. तिघांची नजर त्यांच्या पाठीवर खिळली होती. ते "अहो, पण" म्हणत होते, पुन्हा "अहो, पण ऐका तरी" म्हणत होते आणि मग नुसतं "बरं" म्हणाले.

"तक्रार बक्षीस समारंभाच्या आधी करायची असते," परत येऊन ते म्हणाले. "प्रज्ञेशचं नाव कोइमतूरला गेलंय. आणि आम्रपाली, साई मधे नसता तर तूच जिंकली असतीस, हे आता कोण सिद्ध करणार?"

अपेक्षाने मोबाइल खिशात टाकला.

"पण शाबास रे पोरांनो!" रावसाहेब मोठ्याने म्हणाले. "आम्हा मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही शोधलंत! आता सेफ्टी कारला हार म्हणून नाही. आणि साई, तुझी काही चूक नव्हती बरं! सर, तुम्हीही सांगा त्याला."

"माझीच चूक झाली, बाळा," सर म्हणाले. "तू नियमाला धरून वागलास."

कालच्या समारंभातली एक शाल ऑफिसात उरली होती. रावसाहेबांनी ती आणून आम्रपालीच्या खांद्यावर घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पुढच्या वर्षी बघ, शिबिराला तूच जाशील!"

"पुढच्या वर्षी मला चौदा पूर्ण झालेली असतील, काका."

टाळ्या थांबल्या. आम्रपालीने शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. मग ती गाडीपाशी गेली आणि टाचा उंचावून हाराच्या गाठी सोडू लागली. रावसाहेबांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिघं बसस्टॉपवर आली.

"सॉरी. बसमध्ये मी फार वाईट बोलले," आम्रपाली म्हणाली.

"अजून रागावलेली आहेस माझ्यावर?"

"राग आहे. पण तुझ्यावर नाही."

साईने मान हलवली. त्याच्यावरचा आळ गेला होता, पण त्याला जराही हलकं वाटत नव्हतं. कोथरूडची बस आली. अपेक्षा चढली. तिच्या मागे साई दाराशी पोचला, थबकला आणि अंग चोरून बाजूला झाला.

"तू पुढे जा," तो म्हणाला.

"आता कुठे जाऊ, साई?" आम्रपाली म्हणाली आणि त्याच्या शेजारून वर चढली.