पांढऱ्या दोऱ्याची बाटली

हे खरं आहे.

एरवी मी जहूरची शपथ घेऊन सांगितलं असतं. जहूर माझा मुलगा, आठ महिन्यांचा. पण गेले पाच दिवस त्याची शपथ घ्यायला जीभ वळत नाही.

तारीख लिहून ठेवते. २२ ऑगस्ट १९६७, मंगळवार. शारजा, रोल्ला मैदानातल्या मोठ्या वडामागचं आमचं झावळ्यांचं घर. भुतं रात्री येतात म्हणे. आमच्याकडे दुपारी येतात... जेवणं आटोपून सगळी शारजा झोपते तेव्हा.

जहूरही आत्ता झोपलाय. तो झोपला की मला लिहायला मिळतं. एका हातात पाळण्याची दोरी, एका हातात पेन.

जहूरचे अब्बा मुश्ताक इथे सिंगापूरहून आलेल्या एका चिनी डॉक्टरकडे सशांची देखभाल करतात. खाडीजवळच्या दगडी गोदामात पिंजरे आहेत. डॉक्टर जुन्या चिनी मुळ्यांचा काढा उकळतो, तापातल्या सशांना देतो आणि काय होतं ते बघतो.

सहा सशांना तोंडाशी पांढरा दोरा बांधलेल्या बाटलीतलं औषध. सहांना लाल दोऱ्याच्या. एकीत काढा, दुसरीत नुसतं रंगवलेलं पाणी. कशात काय, ते फक्त डॉक्टरच्या वहीत. आणि ती वही लाखेनं बंद. ओळख म्हणून पांढऱ्या ओळीतल्या सशांच्या कानामागे जांभळ्या औषधाचा ठिपका.

"चाळीस दिवस मोजायचे," डॉक्टर म्हणायचा. "मग माणसाचं बघू."

जुलैत जहूरला ताप भरला. गोळ्या झाल्या, पाण्याच्या पट्ट्या झाल्या. चौथ्या दिवशी तो छातीला लागेना.

"पांढऱ्या ओळीतले ससे खायला लागले," हे जेवता जेवता बोलून गेले.

माझा घास हातातच राहिला. "मग आणा की ती बाटली."

"अगो, वेडी का काय तू? पाचच दिवस झालेत. चाळीस व्हायचेत."

"तुमचे ससे थांबतील चाळीस दिवस. माझं पोर थांबेल?"

दुसऱ्या दिवशी, १४ जुलैला, यांनी सदऱ्यातून बाटली काढली. बाटली माझ्यापुढे ठेवली. चमचा मी घेतला.

मीच पाजलं...

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. शेजारची हव्वाबी शिरा घेऊन आली. "बघ गो, माझ्या दुव्यानं उतरला!" म्हणाली. मी खूप दिवसांनी हसले.

मग एकदा अंघोळ घालताना जहूरच्या कानामागे ठिपका दिसला.

जांभळा.

नजर लागू नये म्हणून हव्वाबी त्याला काजळ लावते. मी तिला हाक मारली. "हव्वाबी, जांभळं काजळ कुठनं आणलंत?"

"बाय गो, आठवडाभर हात नाही लावला तुझ्या पोराला. पोर तुझं, काजळ तुझं, नि नाव माझं!"

साबण लावला. खोबरेल चोळलं.

गेला नाही.

त्यानंतर लक्षात आलं... घर फार शांत झालंय. जहूर रडत नव्हता. भूक लागली तरी नाही, पडला तरी नाही. हसायचा, तोंड उघडायचं, अंग हलायचं...

आवाज नाही.

यांना सांगितलं. यांनी त्याला उचलून कानाशी धरलं. मग म्हणाले, "ससे ओरडत नाहीत, बानू." आणि लगेच, "खलास. मी काही बोललो नाही."

१७ ऑगस्ट. सशांचा चाळिसावा दिवस. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या अजानीआधी पांढऱ्या ओळीतले सहाही ससे मेले. एकामागोमाग. आजारी नव्हते. तोंडात गवत तसंच होतं.

लाल ओळीतले जिवंत राहिले.

डॉक्टरनं यांच्यासमोर लाख फोडली. पांढऱ्या दोऱ्यात काढाच होता. खाली सशांची यादी. सहा आकडे हवे होते.

सात होते.

सातव्यासमोर तारीख... १४ जुलै.

वही बंद केली होती ८ जुलैला, सशांना पहिलं औषध पाजायच्या आदल्या दिवशी. अक्षर डॉक्टरचंच. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, हे मी लिहिलेलं नाही.

यांनी तिथेच सगळं कबूल केलं. डॉक्टर धावत घरी आला. जहूरला उलटं पालटं करून तपासलं.

"ताप नाही. छाती साफ आहे."

"मग वाचेल ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "सशांचीही साफ होती."

उतारा विचारला. त्याला माहीत नव्हता. इथे असलेल्या आमच्या गावच्या लोकांनी ताईत दिला, तोही बांधलाय.

त्याच दुपारी पहिल्यांदा ऐकलं...

धप्.

पाळण्याखाली.

ससा घाबरला की मागच्या पायानं जमीन आपटतो, असं हे सांगतात. बाकीच्यांना सावध करायला. मी चटई उचलली. खाली नुसती वाळू. पुन्हा धप्... मोजले. सहा. रोज सहाच. सावध करतात की बोलावतात, मला कळत नाही.

आज जहूरचा चाळिसावा दिवस.

हे पुन्हा डॉक्टरला आणायला गेलेत. "इन्शाल्ला, काहीतरी असेल त्याच्याकडे," म्हणाले. एवढ्या तापल्या वाळूत चपला न घालताच गेले. चपला दारात आहेत, मला इथून दिसतात.

असरची अजान अजून झालेली नाही.

आत्ताच ठोके झाले. सहा. मोजलेत मी.

आता रोजच्यासारखं शांत व्हायला हवं...

धप्.

हा खालून नव्हता.

पाळण्यातून होता.

जहूर जागा आहे. एक पाय उचललेला. माझ्याकडे बघून हसतोय. आवाज नाही.

मी दोरी सोडलीय. त्याला मांडीवर घेतलंय, पोटाशी घट्ट. एका हातानं लिहितेय, दुसरा त्याच्या पाठीवर आहे.

गार लागतंय...

तो गार आहे की माझाच हात, ते कळत नाही.